उत्तर संध्याकाळी दे

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढची पोस्ट वाचा. माझं काही जात नाही. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आमच्या घरात सगळ्यात जास्त टर मीच उडवायचे, त्यामुळे तुमचं नाक मुरडणं मला नवीन नाही.

आणि रात्र कधी होते याची वाट बघत बसू नका. हे भर दुपारी घडलं. थंडीचे दिवस होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर मावशीच्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या बाहेरच्या खोलीत. खिडकीशी शिवणाचं मशीन, मशीनसमोर पडदा लावलेलं दार, दाराबाहेर खाली उतरणारा लोखंडी जिना. एवढीच जागा.

मावशी कपडे उसवून-शिवून देते. कुणाची पँट कमरेत घट्ट, कुणाचा कोट बापाच्या मापाचा आणि घालायचा मुलाने. यजमान लवकर गेले. मागे एकच पोर. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसायचीच नाही.

भिंगरीला नटी व्हायचं होतं.

"आधी स्वतःचा कप विसळायला शीक, मग हो नटी," मावशी म्हणायची. पण गिऱ्हाईक आलं की दोऱ्याचं टोक चाटत हळूच सांगायची, "आमची नाटकात काम करते हो." तोंडावरून कौतुक नुसतं ओसंडत असायचं.

भिंगरीला शिकवणारे एक सर होते. म्हातारे, खोकणारे, कडक. त्यांचा प्रत्येक शब्द ती घरी येऊन त्यांच्याच आवाजात ऐकवायची, खोकल्यासकट.

"ऑडिशनला स्वतःच्या वयाचा उतारा घ्या. म्हातारीचं दुःख विशीतल्या पोरीने सांगू नये, खोक्-खोक्!"

"परीक्षकांच्या डोळ्यांत बघू नका. ते कामाला बसलेत, तुमचे मामा नाहीत. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर एक जागा पकडा. तिथे आपलं माणूस उभं करा."

"मोनोलॉग म्हणजे एकट्याची बडबड नव्हे. समोरचा उत्तर देतोय. लोकांना ते ऐकू येत नाही, तुम्हाला आलं पाहिजे. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य घ्याल तर कान उपटीन."

आणि एक होतं. ते सर कधी खोकत सांगायचे नाहीत म्हणे.

"अडकलात तर सॉरी म्हणायचं नाही. पळायचं नाही. समोरच्याकडे बघत उभं राहायचं. उत्तर येईपर्यंत."

हे लक्षात ठेवा. सगळं यावर आहे.

भिंगरीने भिंतीवरचं माणूस म्हणून आईलाच घेतलं. उताराही तसाच होता. घर सोडून निघालेली एक मुलगी दारात उभी राहून आईशी बोलते. दुपारची जेवणं आटोपली की ही जुनी झिपची बॅग खांद्याला लावून दारात उभी राहायची. मावशी मशीनवर. मशीन चालू असेपर्यंत भिंगरी गप्प, मशीन थांबलं की तिने वाक्य घ्यायचं. आईची उत्तरं मावशीने द्यायची. अशी त्यांची पद्धत बसून गेली होती.

मशीन थांबायचं.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? रोज उशीत तोंड खुपसून रडतेस ते?"

"मी नाही रडत," मावशी म्हणायची, सुईत दोरा ओवता ओवता.

"बरं. नाही रडत." मग जरा थांबून, "आई, थांब म्हण. एकदाच थांब म्हण, मी बॅग उघडते."

इथे मावशीने काही बोलायचं नाही. उताऱ्यातली आई इथे गप्प असते.

"नाही म्हणत ना? ... मग जाऊ मी?"

"जा," मावशी म्हणायची. कधी कधी तर जांभई देत म्हणायची.

"मग दार लावून घे. गार वारा येतोय."

संपलं. मग दोघी हसत सुटायच्या आणि चहा व्हायचा. किती दुपारी हे चाललं असेल! मावशीला ते 'जा' इतकं सवयीचं झालं होतं की आपण काय म्हणतोय हेही तिच्या ध्यानात यायचं नाही.

मोठ्या ऑडिशनच्या दिवशी निघता निघता भिंगरी म्हणाली, "आई, एकदा शेवटचं घेऊया."

मावशीची त्या दिवशी घाई होती. एका गिऱ्हाइकाचा काळा कोट संध्याकाळी द्यायचा होता. अस्तर लावायचं होतं, तोंडात टाचण्या धरलेल्या. तरी तिने मशीन थांबवलं. पहिलं उत्तर कसंबसं ओठांच्या फटीतून दिलं. नंतर तिने आणखी टाचण्या ओठांत घेतल्या.

"मग जाऊ मी?"

मावशीने नुसता हात वर केला. थांब, तोंड भरलंय, अशा अर्थाने.

भिंगरी खो-खो हसली. "अगं आई, टाचण्या! राहू दे, मला उशीर होतोय. उत्तर संध्याकाळी दे."

आणि धडधडत जिना उतरून गेली. दार उघडंच टाकून. मावशी उठली आणि "ह्या पोरीला दार लावायला कधी येणार देव जाणे" असं पुटपुटत तिने दार लावून घेतलं.

ऑडिशनच्या हॉलपर्यंत भिंगरी पोचली नाही. अलीकडच्या चौकात एका गाडीने तिला उडवलं.

संध्याकाळी तिची बॅग तेवढी घरी आली. झिप लावलेली.

त्यानंतरचे दिवस मी लिहीत नाही. मी होते तिथे. मावशी रडली नाही हेच वाईट होतं. सगळे आले, गेले, मीही शेवटी माझ्या घरी परत आले. नोकरी होती, पोरं होती. कुणाचं अडतंय का कुणावाचून? अडतं हो. पण गाडा ओढावा लागतो.

पुढचं मावशीने मला नंतर सांगितलं. सर ज्या दुपारी तिथे होते, त्या दुपारचं त्यांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात शब्दाचा फरक नाही.

बऱ्याच दिवसांनी मावशी मशीनवर बसली. तो काळा कोट तसाच पडून होता, टाचण्यांसकट. दुपार होती. खाली सायकलवाल्याने दुकान अर्धं ओढून डुलकी काढलेली, रस्ता शांत. तिने पाय मारायला सुरुवात केली. अस्तराची कड आली तशी कापड फिरवायला ती थांबली.

मशीन थांबलं.

आणि दाराकडून...

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

मावशीच्या हातातलं कापड निसटलं.

दारात कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं.

"रोज उशीत तोंड खुपसून रडतेस ते?"

तोच आवाज. किंचित चढा, वाक्याच्या शेवटी दम लागल्यासारखा. आईला पोरीचा आवाज ओळखायला काय लागतं?

मावशीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मी नाही रडत."

"बरं. नाही रडत."

उतारा पुढे सरकला. जिथे गप्प बसायचं तिथे मावशी गप्प बसली. तिला बोलताच येत नव्हतं म्हणा. मग ते आलं.

"मग जाऊ मी?"

मावशीने तोंड उघडलं. 'जा' हा शब्द काही केल्या बाहेर येईना.

ती तशीच बसून राहिली. खोलीतही कुणीतरी तसंच उभं होतं. वाट बघत... उन्हाची तिरीप मशीनवरून भिंतीवर गेली, भिंतीवरून वर सरकली. खाली सायकलवाल्याने दुकान उघडलं, त्याची घंटी वाजली, आणि खोली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या मावशी मशीनवर बसली. पाय मारला, थांबवला.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मांत्रिक आणला असता? मावशीने केस नीट विंचरले आणि रोज दुपारी मशीनवर बसायला लागली. 'जा' म्हटलं की उतारा संपणार. न म्हटलं तर उद्या पोर परत येणार. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

त्या दिवसांत मी फोन केला की मावशीचा आवाज खुशीत असायचा. मला वाटलं, सावरली बिचारी. दुपारी फोन करू नकोस एवढंच म्हणायची.

पण आवाज थकत चालला.

मावशीच्या ते आधी लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं तरी तिने कानाआड केलं. भिंगरीचा घसा बसल्यासारखा व्हायला लागला. शब्द ओढत यायचे. 'मग जाऊ मी?' हे पूर्वी ती ऐटीत विचारायची, हनुवटी वर करून. आता ते लहान मुलाने विचारल्यासारखं यायचं. सगळे घरी गेलेत आणि आपल्याला न्यायला कुणी आलं नाही, तशा मुलासारखं.

"आई... जाऊ मी?"

'आई' हा शब्द त्या वाक्यात नव्हता.

आणि मग एका दुपारी मावशीने ते केलं. 'थांब म्हण, एकदाच थांब म्हण, मी बॅग उघडते' असं वाक्य आलं. जिथे गप्प बसायचं तिथे मावशी एकदम उठून उभी राहिली आणि ओरडली,

"थांब! थांब गं माझ्या बाळा! कुठे जाऊ नकोस!"

खोलीत काहीच हललं नाही.

मग आतल्या खोलीत, खाटेखालून...

सर्रर्र.

झिप उघडल्याचा आवाज.

मावशी आत धावली. बॅग उघडी होती. भिंगरीचा कंगवा खिडकीत ठेवलेला होता, ती रोज ठेवायची तिथेच. बॅगेतली चप्पल दाराशी होती. त्या रात्री मावशीने दोन ताटं वाढली. मला सांगताना म्हणाली, "मला एवढा आनंद झाला होता गं, की मी वेडीसारखी गाणं म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी तिने मशीन चालवलं. थांबवलं.

काहीच नाही.

पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं.

दाराजवळून फक्त... श्वास आत घेतल्याचा आवाज आला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा. भरून घेतलेला.

आणि पुढे शब्द नाही.

मग पुन्हा श्वास. पुन्हा काही नाही.

हे आता दुपारपुरतं राहिलं नाही. भाजी चिरताना, अंथरूण घालताना, पहाटे डोळा उघडला की. श्वास... आणि काही नाही. मावशी बोलायची, "बोल ना राणी, काय हवंय? भूक लागलीय? माझ्यावर रागावलीस?" उत्तर नाही. सकाळी भिंगरीची उशी हाताला ओली लागायची. दाराजवळची एक फरशी बर्फासारखी गार पडलेली, तिथे पाय ठेववत नव्हता.

पोर घरी होती. पण तिचे हाल चालले होते, आणि मावशीला ते दिसत होते. जेवण तुटलं मावशीचं. डोळे खोल गेले.

असे आठवडे गेले. एके दिवशी सर आले. जिना चढून खोकत खोकत. त्यांना या आवाजाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, नुसते भेटायला आले होते. मावशीने चहा टाकला. सर स्टुलावर बसले, भिंगरीबद्दल चार शब्द बोलायला त्यांनी तोंड उघडलं...

आणि त्यांच्या मागून, दारापासून, तो श्वास आला.

सरांचा कप बशीत वाजला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. म्हणाले, "हा तिचा श्वास आहे. वाक्याआधीचा. मीच शिकवलाय तिला."

मग मावशीचा बांध फुटला. इतके दिवस न आलेलं रडू आलं. तिने सगळं सांगितलं, टाचण्यांपासून 'थांब'पर्यंत.

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, उताऱ्यात आई 'थांब' म्हणत नाही. म्हटल्यावर मुलीने पुढे काय बोलायचं, ते कुणी लिहिलेलंच नाही. पोरीजवळ वाक्य नाहीये. ती श्वास घेते आणि तिला शब्द सापडत नाहीत."

"मग तिने जावं ना बोलल्याशिवाय... किंवा राहावं नुसतं..."

"मी सांगितलं होतं ना तिला. अडकलीस तर पळायचं नाही, उभं राहायचं." सरांचा आवाज फुटला. "माझं सगळ्यात गुणी पोर होतं ते. ती उभी राहील, ताई. तुम्ही-आम्ही नसू तरी ती इथे उभी राहील."

मावशी म्हणाली, "मी नाही म्हणणार 'जा'. एकदा दार लावलंय मी तिच्या पाठीमागे. परत नाही."

दारातून श्वास आला. पुन्हा आला. पुन्हा. कोरड्या विहिरीत पोहरा आपटावा तसा. मावशीने कानांवर हात ठेवले. मग हात खाली घेतले आणि विचारलं, "तिला मागचं वाक्य कसं मिळेल?"

"तुम्ही द्या. तुमच्या उत्तरापासून."

मावशी मशीनवर बसली. काळा कोट पुढ्यात ओढला. पाय मारला. घरघर सुरू झाली. सर म्हणतात, ती घरघर ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला, कारण दाराशी घेतलेला श्वास तेवढ्यात थांबला. कुणीतरी तयार होऊन उभं राहिलं होतं.

मशीन थांबलं.

"मी नाही रडत," मावशी म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं.

खूप वेळ काही नाही.

मग, खरखरीत, जेमतेम ऐकू येईल असं...

"बरं. नाही रडत."

सरांनी डोळे मिटून घेतले.

मावशीला माहीत होतं पुढे काय येणार. आपल्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता. तिने कोटाच्या अस्तरातल्या टाचण्या उपसल्या, एक एक करून सगळ्या तोंडात धरल्या आणि ओठ घट्ट मिटले.

"आई, थांब म्हण. एकदाच थांब म्हण, मी बॅग उघडते."

मावशीचं सगळं अंग हललं. ओठांतून रक्त आलं, हनुवटीवरून कोटावर टपकलं. तिने तोंड उघडलं नाही.

"नाही म्हणत ना?"

आतल्या खोलीतून आवाज आला. सर्रर्र. झिप लागली.

"मग... जाऊ मी?"

मावशीने टाचण्या काढल्या. एक एक. सर म्हणाले, मी आयुष्यभर पोरांना समोरच्या उत्तरासाठी थांबायला शिकवलं. त्या दिवशी वाटलं, हे उत्तर येऊच नये.

शेवटची टाचणी मशीनवर ठेवून मावशीने वर बघितलं. दाराकडे. सरळ डोळ्यांत बघितल्यासारखं.

"जा," ती म्हणाली. "जा हो बाळा. छान कर."

कुणीतरी हलकेच श्वास सोडला.

दार आपोआप उघडलं. अगदी सावकाश. आणि आवाज आला तो भिंगरीचा, पहिल्यासारखा, स्वच्छ, ऐटीतला.

"मग दार लावून घे. गार वारा येतोय."

लोखंडी जिना धडधडत वाजला. वरपासून खालपर्यंत.

सर सांगतात, ते खिडकीशी धावले. खाली सायकलवाला चाकात हवा भरत बसला होता. त्याने मान वर करून रिकाम्या जिन्याकडे बघितलं, आणि थोडं बाजूला सरकला. कुणाला तरी जायला वाट द्यावी तसा.

आता माझं.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे राहून आले. बरी आहे ती. जेवते, बोलते, गिऱ्हाइकांशी भांडते. भिंगरीची उशी कोरडी आहे, ती मी हात लावून बघितली. मशीन थांबलं तरी काही ऐकू येत नाही. एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती, आणि मी ती लिहिलीही नसती.

पण मावशी दार लावत नाही.

त्या दुपारपासून लावलेलं नाही. रात्रीसुद्धा. सरांनी समजावलं, सायकलवाल्याने चोराचिलटाची भीती घातली. ऐकत नाही.

मी होते तेव्हा दुपारी ती शिवत होती आणि मी खाली बसून बटणं निवडत होते. अचानक मला हुडहुडी भरली. दारातून गार वारा येत होता, पायांवर, मानेवर. मी सहज उठले दार लोटायला.

मावशीने मशीन थांबवलं.

"राहू दे गं," ती म्हणाली.

"अगं मावशी, केवढा वारा येतोय!"

"येऊ दे," ती म्हणाली. "उतारा दार लावल्यावर संपतो."

मी परत येऊन बसले. मावशी दाराकडे बघत होती, आणि तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. आता ती टाचण्या तोंडात धरतच नाही, वाटीत ठेवते.

बटणं निवडता निवडता माझं लक्ष बंद खिडकीकडे गेलं, मग दाराकडे. माझ्या मानेवर वारा लागत होता, अंगावर शहारे येत होते.

दाराचा पडदा जराही हलत नव्हता.